निनो रोटा आणि ती जुनी धून

लग्नाच्या संध्याकाळी जेवणे सुरू झाली आणि बॅण्डवाले जरा निवांत झाले, की त्यांच्यातला सॅक्सोफोनवाला एक धून हमखास काढतो. हळवी, खाली खाली उतरत जाणारी, कोणीतरी दूर गावी निघून गेल्याची आठवण करून देणारी. मांडवातल्या पोरांना विचारा, ती लगेच सांगतील, ‘गॉडफादर’ची! पण ती रचली कोणी, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आम्हीही त्यांच्यातलेच होतो. म्हणून ह्या रविवारी त्या माणसाची ओळख करून द्यावी असे ठरवले. माफियाच्या टोळ्यांवरील सिनेमाला संगीत देणाऱ्या ह्या गृहस्थाने वयाच्या अकराव्या वर्षी संत योहान बाप्तिस्ता यांच्या बालपणावर संगीतरचना केली होती, पुढे पवित्र मरियेच्या जीवनावरही केली, आणि मांडवात वाजणाऱ्या ह्याच धुनेपायी चारचौघांत मानहानीही सोसली.

त्यांचे नाव निनो रोटा. निनो हे लाडाचे नाव. खरे नाव जोव्हान्नी, म्हणजे आपल्याकडचा योहान. जन्म ३ डिसेंबर १९११ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. घर संगीताचे होते. आई एर्नेस्ता रिनाल्दी पियानो वाजवत असत. आईचे वडील, त्यांचेही नाव जोव्हान्नीच, पियानोवादक आणि संगीतकार होते. मूल बोलायला शिकते तसा निनो त्या घरात सूर शिकला. १९२३ साली त्याचा पहिला ओरातोरियो मिलानमध्ये आणि नंतर फ्रान्समध्येही सादर झाला. ओरातोरियो म्हणजे पवित्र विषयावर रचलेली मोठी गायनकृती. ती ऑपेरासारखी वेशभूषा करून रंगवत नाहीत, गायक आणि वाद्यवृंद आपापल्या जागेवरूनच सादर करतात. वर्तमानपत्रांनी ह्या अद्भुत मुलाचे खूप कौतुक केले. अशा मुलांचे पुढे काय होते ते आपण पाहतोच. कौतुकाची सवय लागते आणि शिकणे थांबते. निनोच्या बाबतीत तसे झाले नाही. तो शिकतच राहिला, आणि तेही एकमेकांशी मुळीच न जुळणाऱ्या गुरूंकडून.

मिलानमध्ये इल्देब्रांदो पिझ्झेत्ती हे त्याचे शिक्षक होते. चर्चचे प्राचीन ग्रेगोरियन गायन आणि जुन्या काळच्या गायनवृंदांचे संगीत हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. गंमत म्हणजे ह्याच पिझ्झेत्तींनी १९१४ साली ‘काबिरिया’ ह्या मूकपटासाठीही संगीत लिहिले होते. नंतर रोममध्ये आल्फ्रेदो कासेल्ला भेटले. ते नव्या युरोपीय संगीताचे पुरस्कर्ते. रशियन संगीतकार स्त्राविन्स्की यांच्याशीही तरुण वयातच मैत्री जुळली. १९३० साली रोमच्या सांता चेचिलिया संगीत महाविद्यालयातून निनो पदविका घेऊन बाहेर पडला. सांता चेचिलिया म्हणजे आपल्या गायकवृंदांची आश्रयसंत, संत सिसिलिया. मग थोर संगीत संचालक तोस्कानिनी यांच्या सल्ल्यावरून तो दोन वर्षे अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला गेला. रचना शिकवायला रोझारिओ स्कालेरो आणि वाद्यवृंद चालवायला शिकवणारे फ्रिट्झ रायनर, असे तिथले नामांकित गुरू. पण ह्या अमेरिकेच्या मुक्कामात वर्गाबाहेरही बरेच काही शिकून झाले. संगीतकार आरन कोपलँड यांच्याशी मैत्री झाली, आणि गर्श्विनचे संगीत, रस्त्यावर गुणगुणली जाणारी अमेरिकन गाणी व सिनेमा ह्या सगळ्याची ओढ लागली.

परत आल्यावर त्यांनी मिलान विद्यापीठातून साहित्याची पदवी घेतली. १९३७ सालच्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता जोसेफ्फो झार्लिनो. हे सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कन संगीतशास्त्रज्ञ, व्हेनिसच्या संत मार्क चर्चचे संगीतप्रमुख. एका हाताला चारशे वर्षांपूर्वीचा धर्मगुरू, दुसऱ्या हाताला न्यूयॉर्कच्या नाटकांतली गाणी! ह्यातले चांगले कोणते आणि हलके कोणते, असे रोटांना विचारून उपयोग नव्हता. संगीतात हलके आणि भारी असा भेद ते मानतच नसत. पुढे आयुष्यभर टीकाकारांनी त्यांना जे काही ऐकवले, त्याचे मूळ इथे आहे असे आम्हांला वाटते.

उपजीविका म्हणून त्यांनी मास्तरकी पत्करली. १९३९ पासून ते दक्षिण इटलीतील बारी शहराच्या संगीत महाविद्यालयात शिकवू लागले. १९५० साली ते तिथले संचालक झाले आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या पदावर राहिले. (बारी म्हणजे जिथे संत निकोलस यांचे अवशेष जपलेले आहेत ते शहर. नाताळातला सांताक्लॉज तो हाच.) जगभर नाव झाल्यावरही त्यांनी ही नोकरी सोडली नाही. रोममध्ये सिनेमाचे काम आणि बारीत मुलांच्या परीक्षा, अशी ये-जा अनेक वर्षे चालू होती. जवळच्या मोल्फेत्ता गावात वाढलेला रिक्कार्दो मुती नावाचा मुलगा परीक्षेला त्यांच्यासमोर पियानो वाजवून गेला. ह्याने संगीताचाच रस्ता धरावा, हे रोटांनी ओळखले. तो मुलगा पुढे मिलानच्या प्रसिद्ध ला स्काला ऑपेरागृहाचा संगीत संचालक झाला. आपल्या मास्तरांचे सिनेमासंगीत त्याने तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊन ध्वनिमुद्रित केले.

सिनेमाकडे ते १९३३ सालीच एकदा जाऊन आले होते. पण खरे काम सुरू झाले दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, आणि आयुष्याची गाठ पडली ती फेदेरिको फेलिनी ह्या दिग्दर्शकाशी. त्यांच्या भेटीची गोष्ट फेलिनी मोठ्या रंगात सांगत. स्टुडिओबाहेर एक लहानखुरा माणूस भलत्याच ठिकाणी ट्रामची वाट पाहत उभा होता. ट्राम तिथे थांबतच नसे. आता हा बिचारा धावत सुटणार, असे फेलिनींना वाटले. तेवढ्यात ट्राम आली आणि नेमकी त्याच्यासमोर येऊन थांबली! ह्यात तिखटमीठ किती ते फेलिनीच जाणोत, पण रोटांना ओळखणाऱ्या कोणालाही ती खोटी वाटली नाही. १९५२ सालच्या ‘द व्हाइट शेक’पासून पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षे फेलिनींच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटाचे संगीत रोटांचेच. काम करण्याची पद्धत साधी होती. रोटा पियानोवर बसत, फेलिनी शेजारी बसून प्रसंग सांगत, आणि बोलता बोलता रोटांची बोटे त्या प्रसंगाची धून शोधून काढत.

त्यांतला ‘ला स्त्रादा’ हा १९५४ सालचा चित्रपट आमच्या वाचकांनी कधीतरी जरूर पाहावा. ‘ला स्त्रादा’ म्हणजे रस्ता. जेल्सोमिना नावाची भोळी मुलगी. तिची गरीब आई तिला दहा हजार लिरांना झाम्पानो नावाच्या फिरत्या खेळवाल्याच्या हवाली करते. छाती फुगवून साखळी तोडणे हा त्याचा एकमेव खेळ. तो तिला मारतो, राबवतो. वाटेत एक डोंबारी भेटतो, तो लहानशा व्हायोलिनवर एक धून वाजवत असतो. तोच तिला सांगतो, की रस्त्यावरचा एखादा खडासुद्धा कशासाठी तरी असतो, मग तू का नाहीस? ती धून जेल्सोमिना तुतारीवर शिकते. एका मठात रात्रीचा आसरा मिळतो, तेव्हा तिथल्या सिस्टरला ती तीच धून वाजवून दाखवते. शेवटी झाम्पानो तिला बर्फात झोपलेली सोडून निघून जातो. जाताना तुतारी तिच्या उशाशी ठेवतो. काही वर्षांनी एका गावात कपडे वाळत घालणारी बाई ती धून गुणगुणताना त्याला ऐकू येते. ही तू कुठे ऐकलीस, असे तो विचारतो आणि जेल्सोमिना मेल्याचे त्याला कळते. त्या रात्री तो आडदांड माणूस समुद्राच्या वाळूत कोसळून रडतो. त्याला कोणी उपदेश करत नाही, कोणी शिक्षा देत नाही. जे काही होते ते त्या एका धुनेमुळे होते.

आणि ही धून आली कुठून? फेलिनींच्या मूळ योजनेत तिथे कोरेल्ली ह्या जुन्या इटालियन संगीतकाराची व्हायोलिनची रचना होती. रोटांना ते पटले नाही, त्यांनी आपली धून केली. पण जाणकारांनी ऐकली आणि सांगितले, की हिच्यात द्वोर्झाक ह्या चेक संगीतकाराच्या तारवाद्यांच्या सेरेनेडचा पडसाद आहे. खरेच आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या की घराण्याचे नाते कळते, चुलत बहिणींचे असावे तसे. पण द्वोर्झाकच्या रचनेला त्या तुतारीचा पोरकेपणा नाही.

असे पुढे पुन्हा पुन्हा झाले. ‘साडेआठ’ ह्या विचित्र नावाच्या चित्रपटाच्या (१९६३) शेवटी सगळी पात्रे हातात हात घालून सर्कशीच्या रिंगणात फिरतात. चित्रीकरणाच्या वेळी फेलिनींनी तिथे फुचिक यांची प्रसिद्ध सर्कस-कूच वाजवली होती. जगातल्या कोणत्याही सर्कशीत विदूषक येताना वाजते तीच. फेलिनींचे मन तिच्यात इतके अडकले होते, की दुसरे काही त्यांना रुचेना. रोटांनी वाद घातला नाही. त्यांनी तीच चाल, तीच ऐट ठेवून आपली कूच लिहिली, आणि आज लोक फेलिनींचे नाव घेतले की तिचेच सूर गुणगुणतात. लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या ‘द लेपर्ड’मध्ये (१९६३) सिसिलीच्या राजवाड्यातील नृत्याचा मोठा प्रसंग आहे. तिथला मुख्य वॉल्ट्झ व्हेर्दी यांचा. हस्तलिखितात पडून राहिलेला पियानोचा तुकडा रोटांनी वाद्यवृंदासाठी उभा केला. आणि बाकीच्या चित्रपटासाठी? त्यांनी आपलीच १९४७ सालची सिम्फनी कपाटातून काढली. तिच्यातले सूर ते त्याआधी एका इंग्रजी चित्रपटातही वापरून बसले होते!

रोटांच्या मनात कोणाकोणाचे घर होते, हे ह्यावरून दिसते. रोस्सिनीची खट्याळ लगबग, व्हेर्दीचा जिव्हाळा, चायकोव्हस्की, स्त्राविन्स्की, सर्कशीचा बॅण्ड, अमेरिकेतली नाचाची गाणी. रोस्सिनीच्या प्रेमापोटी त्यांनी ‘फ्लोरेन्सची गवती टोपी’ हा विनोदी ऑपेरा लिहिला, आणि त्याची संहिता आईबरोबर बसून तयार केली. १९४५ साली पुरा झालेला हा ऑपेरा दहा वर्षे तसाच पडून होता. १९५५ साली पालेर्मोच्या रंगमंचावर तो आला आणि आजही युरोपात होत असतो. त्या काळी गंभीर संगीतकारांनी सुरेल धून लिहिणे मागासलेपणाचे समजले जाई. विद्वान मंडळी म्हणत, हा माणूस पन्नास वर्षे उशिरा जन्मला. रोटांनी त्यांना उत्तर देण्यात वेळ घालवला नाही.

आता त्या मानहानीची गोष्ट. १९७२ साली फ्रान्सिस फोर्ड कोप्पोला यांचा ‘द गॉडफादर’ आला. स्टुडिओच्या प्रमुखांना रोटांचे संगीत पसंत नव्हते, कोप्पोलांनी हट्टाने ते ठेवले. चित्रपट जगभर गाजला, संगीत त्याहून गाजले. १९७३ च्या सुरुवातीला ऑस्करसाठी नामांकन जाहीर झाले. मग बातमी फुटली. त्यातली प्रेमाची धून रोटांनी १९५८ सालच्या ‘फोर्तुनेल्ला’ ह्या इटालियन विनोदी चित्रपटात वापरलेली होती. तिथे ती भरभर चालणारी, थोडी विदूषकी होती. अकादमीने फेरमतदान घेतले आणि रोटांचे नाव यादीतून काढले. नियम मूळ संगीताचा होता. ही धून मूळ नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे परीक्षकांचे चुकले असे म्हणता येत नाही. गंमत पुढे झाली. त्या वर्षीचा तो पुरस्कार मिळाला चार्ली चॅप्लिन यांच्या ‘लाइमलाइट’च्या संगीताला. तो चित्रपट १९५२ सालचा. लॉस एंजेलिसमध्ये वीस वर्षे उशिरा दाखवला गेल्यामुळे नियमात बसला! आणि दोन वर्षांनी, १९७५ साली, ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाला ऑस्कर देण्यात आले. पहिल्या भागातल्या धुना ज्यात पुन्हा येतात, तेच संगीत. रोटांना तो पुरस्कार कारमाइन कोप्पोला, म्हणजे दिग्दर्शकाचे वडील, यांच्याबरोबर विभागून मिळाला.

चोरी म्हणजे काय, हा प्रश्न आम्हांला ह्या गोष्टीने बरेच दिवस छळला. आपल्याकडे गायकवृंदाने नवे भक्तिगीत बसवले, की मिस्सा संपल्यावर कोणीतरी पायरीवर थांबवून विचारतेच, ही चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते नाही? कधी ते खरे असते, आणि तेव्हा चाल करणाऱ्याने मान्य करावे हे बरे. पण रोटांनी इथे दुसऱ्याच्या खिशात हात घातला नव्हता. आपलीच विनोदी धून त्यांनी संथ केली, तिला सिसिलीच्या मातीतली उदासी दिली, आणि हसवणारी धून रडवणारी झाली. सूर तेच राहिले. ‘फोर्तुनेल्ला’ पाहिलेल्या किती प्रेक्षकांना ती ओळखू आली असेल, कोण जाणे. आमच्या मते तरी, जुने सूर नव्या दुःखाला वापरणे ह्यात शरमेसारखे काही नाही. कोणाच्या मते असेल, तर त्यांच्याशी वाद घालायला आम्ही तयार आहोत.

सिनेमाच्या ह्या दीडशेहून अधिक कामांत त्यांचे धार्मिक संगीत झाकले गेले, ह्याची मात्र खंत वाटते. १९६२ साली त्यांनी ‘मिस्तेरियुम’ हा मोठा ओरातोरियो लिहिला. एकल गायक, मोठ्यांचा गायनवृंद, मुलांचा गायनवृंद आणि वाद्यवृंद, असा त्याचा पसारा. असिसी येथील एका प्रापंचिक ख्रिस्ती संस्थेने तो लिहवून घेतला. बायबल आणि प्राचीन ख्रिस्ती लेखनातून लॅटिन उतारे निवडून संहिता केली ती त्यांचे जिवलग मित्र विंची व्हेर्जिनेल्ली यांनी. ह्याच मित्राच्या संहितेवर पुढे १९७० साली पवित्र मरियेच्या जीवनावरील कृतीही झाली. वर्षे पाहा. ‘ला दोल्चे व्हिता’ ह्या फेलिनींच्या चित्रपटावर १९६० साली व्हॅटिकनच्या ‘लोस्सेर्व्हातोरे रोमानो’ने कडक टीका केली. त्याचे संगीत रोटांचे. आणि दोनच वर्षांनी ‘मिस्तेरियुम’! ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या मेजावर शेजारी शेजारी नांदत होत्या.

काळाने निवाडा वेगळाच केला. सिनेमाला शंभर वर्षे झाली म्हणून १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. कलेच्या विभागात पंधरा नावे आहेत, आणि त्यांत ‘ला स्त्रादा’, ‘साडेआठ’ आणि ‘द लेपर्ड’ हे तिन्ही आहेत. तिन्हींचे संगीत एकाच माणसाचे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली येशूसंघीयांच्या नियतकालिकाला मुलाखत दिली, तेव्हा आपण सर्वांत जास्त प्रेम केलेला चित्रपट बहुधा ‘ला स्त्रादा’च, असे त्यांनी सांगितले होते. असिसीच्या संत फ्रान्सिसचा पुसटसा माग त्यांना त्यात दिसत असे.

फेलिनींबरोबरचे शेवटचे काम ‘वाद्यवृंदाची तालीम’ हा छोटा चित्रपट. एका जुन्या चॅपेलमध्ये वादक तालमीला जमतात. तिथे पोप आणि बिशपांच्या कबरी आहेत. वादक भांडतात, संचालकाविरुद्ध बंड करतात, सगळा गोंधळ माजतो. तेवढ्यात बाहेरून एक प्रचंड लोखंडी गोळा भिंत फोडून आत येतो. धूळ खाली बसते आणि त्या पडझडीत उभे राहून तेच वादक पुन्हा वाजवू लागतात. १९७९ च्या सुरुवातीला हा चित्रपट इटलीच्या चित्रपटगृहांत आला, आणि १० एप्रिल १९७९ रोजी रोममध्ये रोटांचे निधन झाले. वय सदुसष्ट. लग्न केले नव्हते. फेलिनींनी पुढेही चित्रपट केले, दुसऱ्या संगीतकारांबरोबर.

३१ ऑक्टोबर १९९३ रोजी फेलिनी वारले. त्यांचा अंत्यविधी रोमच्या सांता मरिया देल्यी आंजेली ह्या भव्य चर्चमध्ये झाला. त्यांच्या पत्नी जुलिएत्ता मासिना म्हणजेच ‘ला स्त्रादा’तील जेल्सोमिना. त्यांच्या इच्छेवरून माउरो माउर ह्या तुतारीवादकाने तिथे रोटांची ‘देवदूताची उत्स्फूर्त धून’ ही रचना वाजवली. पुढच्या मार्चमध्ये, पाच महिन्यांच्या आतच, जुलिएत्ताही गेल्या. आपल्या अंत्यविधीत काय वाजावे हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्याच वादकाने तुतारी ओठांना लावली आणि ‘ला स्त्रादा’ची धून वाजवली.